अजिंक्य प्रेस्टन

इंग्लंडच्या वायव्य भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तेथील हवा दमट आहे आणि दमट हवेत सूत सहसा तुटत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ह्या परगण्यात कापडगिरण्यांचे जणू रानच माजले. रिबल नदीच्या काठी वसलेले प्रेस्टन हे अशाच गिरण्यांचे गाव. आपल्या खानदेश-वऱ्हाडातील कापूसही मुंबई बंदरात जहाजांवर चढे व लँकेशायरच्या वाटेला लागे. 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस येईनासा झाला. तेव्हा तर ह्या गिरण्यांची बरीचशी मदार हिंदी कापसावरच होती. त्याचा धागा आखूड; तो वारंवार तुटे. म्हणून तेथील कामगार त्या 'सुरती' कापसाच्या नावाने बोटे मोडीत, हा भाग निराळा!

1850 साली झालेल्या एका कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता कापडगिरण्या बंद करण्याचे बंधन मालकांवर आले. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात राबणाऱ्या कामगाराला प्रथमच अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळाली. ह्या मोकळ्या दुपारी पुढे फुटबॉलने व्यापल्या. कोणी खेळू लागले, आणि जे खेळत नसत ते मैदानाभोवती गर्दी करू लागले.

प्रेस्टनच्या उत्तर टोकाला डीपडेल नावाचे मैदान होते. गावाच्या ह्या टोकावरूनच 'प्रेस्टन नॉर्थ एंड' हे क्लबचे नाव पडले. आरंभी हा क्लब क्रिकेट खेळे. 1880 च्या सुमारास तो फुटबॉलकडे वळला. पण त्याची सुरुवात काही शोभादायक झाली नाही. 1881 साली शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स संघाने प्रेस्टनवर तब्बल सोळा गोल केले आणि प्रेस्टनला एकही करता आला नाही! एवढा मार खाल्ल्यावर दुसरा एखादा क्लब पुन्हा निमूटपणे क्रिकेटकडे वळला असता. परंतु प्रेस्टनचा कारभार विल्यम सडेल ह्यांच्या हाती होता.

सडेल हे एका कापडगिरणीचे व्यवस्थापक होते. चांगला संघ उभा करायचा, तर चांगले खेळाडू हवेत, हे त्यांनी ओळखले. इंग्लंडमधील खेळाडू त्या काळी चेंडू पायाशी धरून एकट्यानेच पुढे धावत. स्कॉटलंडमधील खेळाडू मात्र तो एकमेकांकडे ढकलीत, सर्वांनी मिळून पुढे जात. सडेल ह्यांना हा दुसरा खेळ पसंत पडला. त्यांनी स्कॉटलंडमधून एकामागून एक खेळाडू आणले, त्यांना गावात कामधंदा मिळवून दिला, आणि कोणी कोठे उभे राहावे हे फळ्यावर आकृत्या काढून समजावले. कामधंद्याच्या जोडीला खेळाडूंना पैसेही मिळत असत. आणि नेमकी हीच गोष्ट त्या वेळी नियमाविरुद्ध होती.

असा नियम का होता, हे समजून घेतले पाहिजे. फुटबॉलचे नियम ठरविणारी 'फुटबॉल असोसिएशन' ही संस्था लंडनमध्ये होती. तिची सूत्रे बहुतांशी मोठ्या घराण्यांतील, नामांकित शाळांतून शिकलेल्या गृहस्थांच्या हाती होती. खेळ हा हौसेसाठी खेळावा, त्यासाठी पैसा घेणे हलकेपणाचे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. विचार वाईट नव्हता. पण ज्याच्या घरी पैशाची ददात नाही, त्याला तो सहज परवडणारा होता. परगावी सामना असला, की शनिवारी सकाळीच आगगाडीत बसावे लागे. गिरणीत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडे. पाय मोडला, तर कित्येक आठवडे घरात चूल पेटण्याची पंचाईत! अशा मनुष्याने केवळ हौसेसाठी खेळावे, हे म्हणणे सोपे होते.

जानेवारी 1884 मध्ये चषकाच्या स्पर्धेत लंडनच्या अप्टन पार्क संघाशी प्रेस्टनचा सामना झाला. तो बरोबरीत सुटला. प्रेस्टनचे खेळाडू पैसे घेतात, अशी तक्रार अप्टन पार्कने असोसिएशनकडे केली. अशा प्रसंगी हात झटकून मोकळे होण्याचा त्या काळचा रिवाज होता. पैसे देणारे क्लब पुष्कळ होते, पण कबूल कोणीच करीत नसे. सडेल ह्यांनी मात्र पैसे दिल्याचे सरळ मान्य केले. इतर अनेक क्लबही हेच करतात, असे त्यांनी वर सांगितले. प्रेस्टनला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. परंतु झाकलेली गोष्ट आता चव्हाट्यावर आली होती. उत्तरेकडील क्लब सडेल ह्यांच्या पाठीशी उभे राहिले. वेळ पडल्यास आपली वेगळी संस्था काढू, असेही त्यांनी बजावले. अखेर जुलै 1885 मध्ये असोसिएशनने खेळाडूंना मोबदला देण्यास काही अटींवर मान्यता दिली.

नवा प्रश्न मग उभा राहिला. खेळाडूंना दर आठवड्यास वेतन द्यायचे, तर दर आठवड्यास सामना व्हायला हवा. पण ठरलेले सामने ऐन वेळी रद्द होत आणि चषकाच्या स्पर्धेत एकदा हरले, की संघ बाहेर! बर्मिंगहॅममधील ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर ह्यांनी ह्यावर तोड काढली. हे कापडाचे दुकान चालविणारे गृहस्थ होते. 2 मार्च 1888 रोजी त्यांनी काही प्रमुख क्लबांना पत्र लिहून सुचविले, की मोजक्या संघांनी एकत्र यावे आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळावे. आज जगभर रूढ असलेली साखळी सामन्यांची पद्धत फुटबॉलमध्ये अशी आली. ह्या मंडळाला 'फुटबॉल लीग' हे नाव सडेल ह्यांनीच सुचविले आणि त्याचे पहिले खजिनदारही तेच झाले.

लीगमध्ये बारा क्लब होते: सहा लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नव्हता. 8 सप्टेंबर 1888 रोजी पहिले सामने झाले. प्रेस्टनने डीपडेलवर बर्नली संघाला 5-2 असे हरविले. त्या वेळी गोलाला जाळे नसे आणि पेनल्टीचा नियमही नव्हता; ह्या दोन्ही गोष्टी 1891 साली आल्या. याहून गमतीची गोष्ट अशी, की सामने सुरू झाले तरी गुण कसे मोजायचे हेच ठरले नव्हते! विजयास दोन गुण व बरोबरीस एक, हा निर्णय नोव्हेंबरमध्ये झाला. ऑक्टोबरमध्ये स्टोक संघ डीपडेलवर आला तो नऊच खेळाडू घेऊन. प्रेस्टनने आपले दोन राखीव खेळाडू त्याला उसने दिले आणि मग त्याच्यावर सात गोल चढविले. त्यांतले चार एकट्या जिमी रॉसचे होते.

आदल्या वर्षी मात्र ह्याच संघाची चांगली खोड मोडली होती. ऑक्टोबर 1887 मध्ये चषकाच्या सामन्यात त्याने हाइड संघाचा 26-0 असा धुव्वा उडविला होता. मार्च 1888 च्या अंतिम सामन्यापूर्वी तर, कपडे स्वच्छ आहेत तोवर चषकाबरोबर आमचे छायाचित्र काढू द्या, अशी मागणी खेळाडूंनी केली, असे सांगतात. पंच मेजर मरिंडिन ह्यांनी, आधी तो जिंकून तर दाखवा, अशा अर्थाचे उत्तर दिले. प्रेस्टन त्या दिवशी वेस्ट ब्रॉमविच संघाकडून 2-1 असा हरला.

म्हणून 1888-89 चा हंगाम विशेष ठरतो. लीगच्या बावीस सामन्यांपैकी अठरा प्रेस्टनने जिंकले, चार बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. केले 74 गोल, झाले 15. 44 पैकी 40 गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या ॲस्टन व्हिलाला 29. जॉन गुडॉल हा सर्वाधिक गोल करणारा ठरला. 30 मार्च 1889 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाला 3-0 हरवून त्यांनी चषकही घेतला, आणि त्या स्पर्धेतील पाचही सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. लोक त्यांना 'अजिंक्य' म्हणू लागले. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा संपूर्ण हंगाम न हरता पार पाडणे त्यानंतर थेट 2003-04 मध्ये आर्सेनल संघाला साधले.

पुढल्या वर्षीही लीग प्रेस्टननेच जिंकली. पण वेतनाची वाट आता सर्वांनाच खुली होती. मोठ्या शहरांतील क्लब अधिक पैसा देऊ शकत होते. 1890 नंतर प्रेस्टनला लीगचे अजिंक्यपद पुन्हा मिळाले नाही.

आणि सडेल? 1895 साली त्यांच्यावर खटला झाला. गिरणीच्या हिशेबवह्यांत खोट्या नोंदी करून त्यांनी अनेक वर्षे मालकांचा पैसा काढला होता. त्यातील बराचसा संघावर खर्च झाला, असे मानले जाते. 1884 साली भरसभेत खरे बोलणारा हा मनुष्य गिरणीच्या वह्यांत मात्र खोटे लिहीत राहिला. न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. सुटल्यावर ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि वृत्तपत्रांत खेळांविषयी लिहून उदरनिर्वाह करू लागले. 1911 साली केप टाउन येथे त्यांचे निधन झाले. प्रेस्टनचा संघ आजही डीपडेलच्याच मैदानावर खेळतो.