हेवीवेट किताबापासून वंचित : सॅम लँगफर्ड

जागतिक हेवीवेट विजेत्यांच्या यादीत सॅम लँगफर्डचे नाव आम्हांस आढळत नाही; त्या किताबाची लढतच त्यास कधी मिळाली नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशियात जन्मलेल्या या ठेंगण्या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यास १९०६ साली जॅक जॉन्सनने १५ फेऱ्यांत गुणांवर हरविले. जॉन्सन वजनाने बराच भारी होता. १९०८ मध्ये तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. पुढे लँगफर्डशी मात्र तो पुन्हा लढला नाही. गोऱ्यांनी टाळण्याहून हे टाळणे आम्हांस अधिक बोचते. लँगफर्ड मग हॅरी विल्ससारख्या समदुःखी कृष्णवर्णीयांशीच वारंवार झुंजला; दृष्टी अधू झाल्यावरही लढला. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका वार्ताहरास तो अंध, निर्धन अवस्थेत सापडला. लेख वाचून लोकांनी निधी जमविला; १९५६ पर्यंत तो जगला.