टॉवर गेला, रेंजही गेली

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर हटवायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला, तेव्हा विरोधात हात वर करणाऱ्या मोजक्या लोकांत मी होते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं असल्यामुळे काही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण त्या मांडण्याची ती वेळ नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना नुकतंच कॅन्सरचं निदान झालं होतं. सभेत त्यांचा मुलगा उभा राहिला आणि बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. घरात असं काही घडलं की माणूस कारण शोधतोच, आणि गच्चीवरचा लोखंडी सांगाडा सगळ्यांना रोज दिसत होता. त्या मुलाला आकडे ऐकवणं मला जमलं नसतं, आणि ते योग्यही नव्हतं. तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे, कारण असे ठराव गावोगावच्या सोसायट्यांत होत असतात.

टॉवर उतरला. त्याचं भाडं बंद झालं, ते एक वेळ चालून गेलं असतं. पण रेंज गेली. आतल्या खोल्यांत एकच काडी दिसू लागली. मंडळी फोन कानाला घट्ट दाबून गॅलरीत उभी राहून बोलू लागली. फोन गरम होऊ लागले, सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दुपारीच मान टाकू लागली.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. मोबाइल नेहमी एकाच जोराने लहरी सोडत नाही. टॉवर जवळ असेल, रेंज भरपूर असेल, तर तो अगदी थोड्या शक्तीवर काम भागवतो. टॉवर दूर गेला, मध्ये भिंती आल्या, की गलक्यात माणूस आवाज चढवतो तसा फोन आपली शक्ती चढवतो. हा फरक शेकडो पटींचा असू शकतो. आणि हा चढलेला जोर गच्चीवर नसतो, कानाजवळ असतो. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यापर्यंत पोचणाऱ्या लहरींत मोठा वाटा स्वतःच्याच फोनचा असतो, टॉवरचा नव्हे. त्यातही गच्चीवरच्या अँटेनाचा झोत मुख्यतः आडवा, समोरच्या दिशेने जातो. तिच्या थेट खालच्या घरांत त्याचा फार थोडा अंश उतरतो.

या लहरींसाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून दोन मर्यादा लागू आहेत. टॉवरसाठीची मर्यादा अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे. उदाहरणार्थ, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॅट आहे, आपल्याकडे ०.४५. दुसरी मर्यादा हँडसेटची. शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम पेशीसमूहात ऊर्जा शोषली जाण्याचा दर किलोमागे १.६ वॅटच्या पुढे जाता कामा नये. हा आकडा एसएआर म्हणून ओळखला जातो. फोनच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक फोन तो दाखवतात. मात्र हा आकडा फोन पूर्ण जोरावर असताना मोजलेला असतो. म्हणून १.१ चा फोन ०.८ च्या फोनपेक्षा धोक्याचा, असा हिशेब करू नका. रोजच्या वापरात रेंज कशी आहे, याने कितीतरी जास्त फरक पडतो.

या मर्यादा आल्या उष्णतेच्या अभ्यासातून. मोबाइलच्या रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावू शकत नाहीत. पुरेशा तीव्र असल्या तर त्या ऊती तापवतात. ज्या पातळीला तापण्याचा परिणाम दिसू लागतो, तिच्या बरंच खाली सामान्य माणसासाठी रेघ ओढली आहे. कॅन्सरचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ ब’ गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे, पण शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांच्यात संबंध आढळला नाही. मला हे दिलासा देणारं वाटतं. तरीही जिला पैसे पडत नाहीत ती काळजी घ्यायला काय हरकत आहे?

ती काळजी अशी. लांबचं बोलणं असेल तर स्पीकर लावा किंवा वायरचे इअरफोन घ्या. डोक्यापासून हातभर अंतर पडलं तरी पुष्कळ झालं. एकच काडी दिसत असेल तर गप्पा नंतर मारा, काम असेल तर मेसेज करा. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटातून एसटी जात असताना फोन सर्वांत जास्त धडपडत असतो. लहान मुलाच्या उशाशी व्हिडिओ लावून ठेवायचाच असेल, तर आधी डाउनलोड करून फ्लाइट मोड लावा. आणि गरम झालेला फोन उशीखाली चार्जिंगला ठेवू नका; तिथली भीती लहरींची नाही, बॅटरीची आहे, आणि ती खरी आहे.

टॉवरची शंका असेल तर आधी मोजणी मागा. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ हे पोर्टल २०१७ पासून आहे. आपल्या भागातले टॉवर त्यावर पाहता येतात, आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. सुरुवातीला ते ४००० रुपये होतं. सोसायटीने वाटून घेतलं तर घरटी किरकोळ रक्कम पडते. आमच्या सभेत ठरावाआधी ही मोजणी झाली असती तर काकूंच्या मुलालाही निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं.

टॉवर गेल्यावर काही महिन्यांतच ‘रेडिएशन चिप’ विकणारे दारोदार फिरू लागले. फोनच्या पाठीवर चिकटवायची सोनेरी चकती. भीती एकदा घरात शिरली की तिच्यामागून विक्रेते येतात. चकतीने लहरी खरंच अडवल्या तर फोन चालणारच नाही. अर्धवट अडवल्या तर फोन जोर आणखी वाढवेल. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने हाच इशारा दिलेला आहे. नेदरलँड्समध्ये तर डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फाइव्ह-जीपासून संरक्षण देणारी म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं तपासली. गळ्यातली पदकं, मनगटातले पट्टे, झोपताना डोळ्यांवर बांधायचा मास्क. ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. ज्या किरणांनी पेशींना खरी इजा होते, ती किरणं लोक पैसे मोजून अंगावर बाळगत होते. मुलांच्या गळ्यात घालायची साखळीही त्यांत होती. हे वाचल्यापासून अशी वस्तू कुणी दाखवली की मी हात जोडून दार लावते.

पण ज्या गोष्टीने मला खरंच हादरवलं ती माझ्या घरातली. माझ्या वडिलांना, अण्णांना, पेसमेकर बसवलेला आहे. टॉवर हटवण्याच्या बाजूने ते सर्वांत हिरिरीने बोलले होते. नातवाने त्यांना नव्या फोनसोबत पाठीमागे चुंबकाचं कडं असलेलं कव्हर आणून दिलं, आणि तो फोन अण्णांच्या शर्टाच्या डाव्या खिशात, पेसमेकरच्या बरोबर वर राहू लागला. नेहमीच्या तपासणीला गेलो तेव्हा तंत्रज्ञाने फोन खिशातून काढायला लावला, कव्हर पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला. बळकट चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर हृदयाचे ठोके जोखणं सोडून ठरावीक गतीने चालू लागतो. हृदयाला झटका देणारं उपकरण बसवलेलं असेल, तर चुंबक जवळ असेपर्यंत ते गरजेच्या वेळी झटका देणं थांबवू शकतं. फोन दूर केला की उपकरण पूर्ववत होतं, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर लांब हवा, बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला धरायचा, चुंबकी कव्हर आणि चुंबकी चार्जर छातीजवळ न्यायचे नाहीत. घरात असं कुणी असेल तर आज त्यांचा खिसा बघा.

आणि तुमच्या गच्चीवर टॉवर असेल तर तिथे जाणाऱ्यांची काळजी घ्या. पाण्याची टाकी साफ करणारा, रंगारी, सौर पॅनेल बसवणारा, डिश टीव्हीवाला. अँटेनाच्या अगदी समोर, काही पावलांवर उभं राहून काम करणाऱ्याला मर्यादेपेक्षा जास्त लहरी लागू शकतात, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. गच्चीच्या दाराला कुलूप ठेवा, कंपनीकडून इशाऱ्याची पाटी आणि आखलेलं अंतर लेखी मागून घ्या. अँटेनासमोर काम करायचं असेल तर आदल्या दिवशी कंपनीला कळवून अँटेना तेवढा वेळ बंद करायला लावा, आणि बंद झाल्याची खात्री करूनच माणूस वर पाठवा.