डिगॉक्झिन आणि दिव्याभोवतीचे पिवळे वलय

प्रश्न : माझे वडील (वय ७४) हृदयाच्या दुर्बलतेसाठी डिगॉक्झिन व फ्रुसेमाइड घेतात. अलीकडे त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, मळमळते, आणि दिव्याभोवती पिवळे वलय दिसते. पित्ताचे औषध द्यावे काय?

उत्तर : पित्ताचा विचार तूर्त बाजूस ठेवावा, कारण अरुची, मळमळ आणि पीतदृष्टी ही लक्षणे एकत्र आली, की डिगॉक्झिनचे प्रमाण शरीरात बेसुमार वाढल्याची शंका प्रथम घ्यावी लागते. ज्या डिजिटालिस वनस्पतीच्या कुळातले हे औषध, तिच्या विषारी परिणामांत ही पीतदृष्टी विल्यम विदरिंग याने १७८५ सालीच नमूद करून ठेवली आहे. औषध गुणकारी खरे, परंतु त्याची उपकारक व अपायकारक मात्रा यांतील अंतर फारच थोडे. त्यातून वार्धक्यात मूत्रपिंडाची उत्सर्जनशक्ती मंदावते आणि फ्रुसेमाइडमुळे रक्तातील पोटॅशियम घटते, म्हणजे तीच मात्रा अधिक बाधते. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा चालू असल्यास तोही थांबवावा, कारण त्यानेही पोटॅशियम उतरते.

पुढील गोळी देण्यापूर्वी आजच डॉक्टरांना गाठावे. क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी आणि शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी डिगॉक्झिनची रक्तपातळी पाहावी लागेल. क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापामिल किंवा अमिओडारोन नव्याने सुरू झाले असल्यास ते आवर्जून सांगावे. इतर औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. नाडी मिनिटाला साठाखाली गेली, भोवळ आली वा छातीत अनियमित धडधड जाणवली, तर विनाविलंब रुग्णालयात न्यावे, आणि सर्व औषधांची पाकिटे बरोबर घ्यावीत.