ब्लॉक मागून घ्या

माझ्या दादाला चाळिशीत पहिल्यांदा फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, ऑपरेशन झालं आणि हातात दीड ओळीचा रिपोर्ट पडला: 'हाय ग्रेड ग्लायोमा'. दुसऱ्या डॉक्टरांनी आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांच्या तपासणीसाठी गाठीचा ब्लॉक मागितला. नंबर घातलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा इवलासा तुकडा, पण त्याच्यासाठी वहिनीला या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं गेलं. रेडिएशन तोंडावर आलं तरी तो मिळेना.

हा हट्ट कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार अशा गाठीचं निदान नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुरं होत नाही. जनुकीय बदलही तपासावे लागतात. आयडीएच बदल असलेली गाठ साधारणपणे ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक प्रकारापेक्षा सावकाश वाढते. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या कितपत लागू पडतील, याचा अंदाज एमजीएमटीवरून बांधतात. त्यामुळे स्लाइड्स, ब्लॉक आणि एमआरआयची सीडी डिस्चार्जच्या वेळीच लेखी अर्ज करून मागावी, पोच घ्यावी.

मागितल्याने काय होतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. माजी मंत्री टेसा जोवेल यांना २०१७ मध्ये ग्लायोब्लास्टोमा झाला. जानेवारी २०१८ मध्ये, आजारपणातच, त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभ्या राहिल्या आणि सगळ्या रुग्णांसाठी चांगले उपचार व संशोधन मागितलं. मे महिन्यात त्या गेल्या. सरकारने संशोधनासाठी चार कोटी पौंड जाहीर केले. ऑपरेशनच्या वेळी निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी दिसावी म्हणून आधी पाजायचं औषध इंग्लंडभर पोहोचवायचं ठरलं. पण पाच वर्षांनी खासदारांच्या गटाने हिशेब पाहिला, तर निम्मा निधीही संशोधकांपर्यंत पोहोचला नव्हता! घोषणेनंतरचा पाठपुरावा म्हणूनच मला घोषणेइतकाच मोलाचा वाटतो.

ग्लायोब्लास्टोमाला संशोधनाची निकड आहे. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड देण्याची पद्धत २००५ च्या अभ्यासाने रूढ केली. त्यात रुग्णांचा जगण्याचा मध्यक काळ नुसत्या रेडिएशनच्या १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. आजही उपचारांचा कणा तोच आहे. आपल्याकडच्या नव्या उपचारांच्या चाचण्यांची नोंद सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते. उपचार सुरू होण्याआधीच 'आमच्या रुग्णाला बसेल अशी चाचणी आहे का?' असं डॉक्टरांना विचारावं.

घरच्यांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाठीमुळे किंवा मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या स्टेरॉइडमुळे माणसाचा स्वभाव पालटू शकतो. शांत दादा ताटावरून उठून ओरडायचा आणि वहिनी स्वतःलाच दोष द्यायची. स्टेरॉइड मनाने बंद करू नये, रक्तातली साखर तपासत राहावी आणि समुपदेशक कधी भेटतील, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.