शंका आली की पिस्तूल बदला

नेहमी चुकणाऱ्या पिस्तुलाचा फारसा त्रास नसतो. ते लगेच बाजूला ठेवता येतं. जीव खातं ते अधूनमधून चुकणारं. माझं दहा मीटरचं एअर पिस्तूल तसं होतं. परदेशी बनावटीचं, वापरलेलं, एका नेमबाजाकडून विकत घेतलेलं. शॉट ओळीने नऊत-दहात बसायचे आणि मध्येच एखादा, हात स्थिर असताना, सरळ खाली आठात जायचा. बघणारे म्हणायचे, ‘ट्रिगर झटकतोस.’

खरं नुकसान तिथून सुरू होतं. शॉट सुटताक्षणी तो कुठे गेला हे नेमबाजाला आतून कळतं आणि टार्गेटवर तेच दिसावं लागतं. हा मेळ तुटला की बोट घाबरतं. दाबता दाबता थांबतं, हात जास्त वेळ धरून ठेवावा लागतो, नळी डोलू लागते. पुढे पिस्तुलाचा दोष कुठे संपतो आणि हाताचा कुठे सुरू होतो, तेच सांगता येत नाही. नवं पिस्तूल आल्यावरही ही भीती लगेच जात नाही. म्हणून वाट बघू नका.

तर्क करत बसण्यापेक्षा तपासा. पिस्तूल पकडीत घट्ट बसवा आणि एकाच डब्यातले छर्रे मारा. छिद्रं एकमेकांत मिसळली तर दोष हाताचा. उभ्या रेषेत पसरली तर संशय हवेच्या दाबावर घ्या, म्हणजे रेग्युलेटर किंवा सील. हिशेब सोपा आहे. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १५० मीटरवरून १३०वर आला, तर दहा मीटरवर तो आणखी सुमारे सात मिलिमीटर खाली पडतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दोन वर्तुळांमधलं अंतर आठ मिलिमीटर असतं. म्हणजे हात अजिबात न हलता जवळजवळ एक गुण गेला. क्रोनोग्राफ मिळाला तर वेगच मोजा, वादच उरत नाही.

आमच्या देवबाग गावात पिस्तूल बिघडण्याचा प्रश्न जास्त बिकट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी; खारा वारा घरात कुठूनही शिरतो. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पिस्तुलाचे आतले छोटे स्क्रू आणि स्प्रिंग गंजतात. पावसाळ्यात लाकडी ग्रिपला बुरशी धरते. सराव झाला की घाम पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद पेटीतच पिस्तूल ठेवावं. ओटीवर उघडं ठेवू नये.

हवेच्या बाबतीत मात्र आपला किनारा भाग्यवान आहे. तारकर्ली-देवबागला स्कूबावाल्यांकडे चांगले कॉम्प्रेसर आहेत, आणि योग्य अडॅप्टर असेल तर पाणबुड्यांच्या टाकीतून पिस्तुलाचा सिलिंडर भरता येतो. माझा सिलिंडर हातात घेताच तिथल्या मित्राने विचारलं, ‘हवा भरून दितंय, पण तारीख बघलंस काय?’ मुदत कधीच उलटलेली होती. २०० बारचा दाब हातात धरायचा असतो, त्यामुळे हा विषय गुणांच्याही आधी येतो. स्पर्धेच्या नियमांतही सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूचीच आहे. आणि ऑक्सिजन कधीही भरू नका, स्फोट होऊ शकतो.

मग मी पिस्तूल बदललं. बदल स्पर्धांचा हंगाम संपल्यावर करावा. ग्रिप हाताला बसवायला, ट्रिगर ओळखीचा व्हायला वेळ लागतो. वजन दीड किलोच्या आत आणि ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम हवा, नाहीतर स्पर्धेआधीच्या तपासणीतच अडकाल. वापरलेलं घेणार असाल तर पैसे देण्याआधी पूर्ण ६० शॉट मारून बघा. पाच-दहा शॉटमध्ये लपलेला दोष दिसत नाही. भरलेला सिलिंडर रात्रभर ठेवून सकाळी दाब बघा. सुटे भाग आपल्या देशात मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा.

नवं पिस्तूलही बिघडू शकतं. २५ जुलै २०२१ला टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरचं पिस्तूल ऐन वेळी बिघडलं. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून जास्त गेली आणि घड्याळ चालूच राहिलं. ५७५ गुणांवर ती बारावी आली. अंतिम फेरीत गेलेल्या आठव्या खेळाडूचे गुण होते ५७७. दुसरं पिस्तूल आपल्यापैकी बहुतेकांना परवडत नाही. निदान सीलचा संच, स्क्रू आणि भरलेला दुसरा सिलिंडर पेटीत असू द्या.

एक विनंती. बिघडलेलं पिस्तूल विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला दोष स्पष्ट सांगा, सिलिंडरची तारीख दाखवा. आपल्याकडे ते बहुधा एखाद्या शिकणाऱ्या पोराच्याच हातात जातं, आणि त्याच्या आईबापांनी त्यासाठी होडीवरचं नाहीतर घरचं दुसरं काम थांबवलेलं असतं. माझं जुनं मी विकलेलं नाही.