संगणकाचा निरोप्या

एखाद्या माणसाची विद्या कितीही मोठी असली, तरी ती त्याच्यापाशीच राहिली तर समाजाच्या उपयोगी पडत नाही. संगणकाचेही तसेच आहे. एकटा संगणक गणिते सोडवील, मजकूर साठवील. परंतु दुसऱ्या संगणकाशी त्याला बोलावयाचे असेल, तर मध्ये एक निरोप्या लागतो. हा निरोप्या म्हणजे नेटवर्क अ‍ॅडॉप्टर होय. हा भाग तारेने जोडावयाचा असो वा बिनतारी असो, त्याचे मुख्य काम एकच असते.

ते काम कसे चालते, ते पाहू. मावळ तालुक्यातील वराळे येथील एका विद्यार्थ्याने पुण्यातील मित्राकडे छायाचित्र पाठविले, अशी कल्पना करा. संगणकाच्या दृष्टीने ते छायाचित्र म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबच लांब माळ. त्यांतील प्रत्येक अंकाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. संगणक या माळेचे लहान लहान तुकडे करतो. इथरनेट या सर्वत्र रूढ पद्धतीत एका तुकड्यात बहुधा १,५०० बाइटांहून अधिक मजकूर नसतो. प्रत्येक तुकड्यावर धाडणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे ४८ बिटांचे दोन पत्ते असतात. शेवटी अ‍ॅडॉप्टर त्याला ३२ बिटांची ताळ्याची संख्या जोडतो. मग त्या अंकांचे विजेच्या, प्रकाशाच्या किंवा रेडिओच्या लहरींत रूपांतर होऊन ते मार्गस्थ होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे ४८ बिटांचे पत्ते केवळ पुढच्या टप्प्यापुरतेच असतात. टपालाच्या थैलीवरील चिठ्ठी टप्प्याटप्प्याला बदलते, परंतु आतील पाकिटावरचा पत्ता कायम राहतो. तद्वत् अंतिम मुक्कामाचा पत्ता तुकड्याच्या आत असतो.

पुण्यातील संगणकाचा अ‍ॅडॉप्टर आलेल्या लहरींचे पुन्हा अंक करतो. तुकडा आपल्यासाठी आहे काय, हे तो प्रथम पाहतो. मग गणिताचा ताळा पाहावा तसा तो ताळा पाहतो. ताळा जमला, तर तुकडा संगणकाच्या स्मृतीत ठेवून तो तशी वर्दी देतो. न जमल्यास तुकडा टाकून देतो. बिघडलेला निरोप अंदाजाने दुरुस्त करून तो पुढे कधीही सांगत नाही. हरवलेला तुकडा पुन्हा मागवून घेण्याचे काम संगणकातील आज्ञावली करतात.

या निरोप्याचे मोल किती, हे पुण्यानेच दाखवून दिले आहे. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. महासंगणक म्हणजे एकच प्रचंड यंत्र नव्हे. अनेक संगणक एकाच गणिताचे भाग वाटून घेतात. एकाचे उत्तर दुसऱ्याला वेळेवर मिळाले नाही, तर सर्वांनाच खोळंबून राहावे लागते. म्हणून सी-डॅकने ‘परमनेट’ नावाची स्वतःची जोडणी तयार केली. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये गणना करणारे प्रोसेसर परदेशी बनावटीचे होते. परंतु त्यांना एकत्र बांधणारी ही जोडणी पुण्यात घडलेली होती. तिच्यातून सेकंदाला ४० कोटी बिट जात. पुढे ‘परम पद्म’ यंत्रासाठी केलेल्या सुधारित जोडणीने हा वेग २५० कोटींवर नेला. त्यानंतरच्या ‘परम युवा’साठी तयार झालेल्या नेटवर्क कार्डांवर तर ‘जेमिनी’ ही सी-डॅकचीच चिप होती.

बुद्धिमान माणसे पुष्कळ जमली, म्हणजे मोठे कार्य होतेच असे नाही. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत वेळेवर, योग्य ठिकाणी आणि जसेच्या तसे पोहोचावे लागते. संगणकाचा हा निरोप्या आपले नाव कोठेही झळकू न देता तेवढेच करतो. आणि म्हणूनच अनेकांचे बळ एक होते.