पानावरचे सोने

पावसाळ्यात रताळ्याच्या वेलाची पाने न्याहाळली, तर क्वचित एखाद्या पानावर सोन्याचा थेंब सांडलेला दिसतो. तो असतो सुमारे १ सेंटिमीटर लांबीचा कासव-भुंगेरा. त्याची पाठ कासवासारखी फुगीर असून कवचाच्या रुंद कडा काचेप्रमाणे पारदर्शक असतात. त्यांतून खालचे हिरवे पान दिसते. मुंगी आली, की तो डोके व पाय कवचाखाली घेऊन पानाला घट्ट चिकटतो. त्याची अळी मात्र स्वतःची विष्ठा आणि टाकलेली कात पाठीवर छत्रीसारखी धरून हिंडते!

कवचातील अतिशय पातळ, ओलसर थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून हे सोने झळकते. कोणी हौसेने भुंगेरा काड्यापेटीत ठेवला व तो मेला, तर ते थर सुकतात. मग पेटीत सापडतो एक फिकट तपकिरी किडा.